मदत हवी आहे : जुन्या प्रतीवर लेखकाची सही मागावी का?

मंडळी, पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुण्यात नव्या पेठेत, गांजवे चौकातल्या पत्रकार भवनात एका पुस्तकाचं प्रकाशन आहे. आईचे अत्यंत आवडते लेखक येणार आहेत. आई ७१ वर्षांची, गुडघे दुखतात, पण साडी आत्ताच काढून ठेवलीय!

अडचण अशी, की तिला सही हवी आहे ती १९८४ साली अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या प्रतीवर. पुठ्ठा सुटलाय, पानं पिवळी पडलीत, आतल्या पानावर बाबांच्या अक्षरात तारीख आहे. तिला नेमकी त्याच्याच खाली सही हवी. नवं पुस्तक तर घेऊच, पण फाटकी प्रत पुढे केलेली लेखकांना कशी वाटेल? मागे एका दुकानातल्या कार्यक्रमात 'इथे घेतलेल्या प्रतीवरच सही' म्हणून आम्हाला रांगेतून बाजूला काढलं होतं. आई तेव्हा काही बोलली नाही, रिक्षात मात्र गप्प बसून होती.

दुसरं, पेन कोणतं न्यावं? जुन्या कागदावर शाईच्या पेनाची शाई फुटते, हे मी वहीच्या एका जुन्या पानावर करून पाहिलं. बॉलपेन बरं दिसेल ना?

आणि सही कार्यक्रमाआधी मागावी की नंतर? नंतर चहापाशी झुंबड उडते, आईला तेवढं उभं राहवत नाही. तिथे जाऊन आलेल्यांनी सांगा, लिफ्ट आहे का? फोटोचं राहू द्या, तिला त्यात रस नाही.