वर्गात सण शिकवताना किंवा शिकताना काय झालं? अनुभव लिहा

खडूफळा:

प्राथमिक वर्गात सण म्हटलं की साधारण ठरलेलं असतं: कागदी कंदील, एक नाच, फळ्यापुढे एक फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं कपाटावर. मीही बरीच वर्षं हेच केलं. पण कधीकधी एखादा सण गणितात घुसतो, तिथून विज्ञानात, आणि आठ-पंधरा दिवस वर्गाबाहेर जायचं नावच घेत नाही. अशा वेळचे अनुभव हवेत. फसलेले आधी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. तिसरीचा वर्ग. ईदची भेटकार्डं करायची म्हणून घोटीव कागद कापून तयार होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, ईद दर वर्षी पुढे का पळते?" पुढे म्हणजे तिला आधी म्हणायचं होतं. कागद तसेच राहिले. महिनाभर सगळ्यांनी रोज रात्री चंद्राचं चित्र काढायचं ठरलं. एका पठ्ठ्यानं सात दिवसांचे चंद्र एका संध्याकाळी उरकले, छान वाढत जाणारी कोर काढून. त्या आठवड्यात चंद्र रोज उशिरा उगवत होता आणि बारीक होत चालला होता. मुलांनीच त्याला पकडलं, मला बोलावंही लागलं नाही.

मग हिशेब. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, असे बारा म्हणजे ३५४ दिवस. ३६५ मधून वजा केले की ११. म्हणून ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. फळ्यावर अकरा-अकराच्या उड्या मारत आम्ही वर्षाच्या टोकाला पोचलो, ३३ उड्या लागल्या. तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे मी ४१ वर्षांची होईन तेव्हा ईद परत याच दिवसांत?" हो. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला की मग चिनी नववर्ष का पळत नाही, तेही चंद्रावरच ना? ते जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच फिरतं, कारण तिथे अधिक महिना घालतात. १९ वर्षांत ७ वेळा, हा नियम मी सांगितला नाही. तीन वर्षांचे ११-११ दिवस साठले की जवळजवळ एक महिना होतो, एवढ्यावर वर्ग खूश होता. कार्डं शेवटी झालीच नाहीत.

आकडेमोड:

माझा अनुभव छोटा आहे. हनुका हा ज्यू सण ८ रात्रींचा. पहिल्या रात्री १ मेणबत्ती, दुसऱ्या रात्री २, असं ८ पर्यंत. मी विचारलं, पाकिटात किती मेणबत्त्या हव्यात? बहुतेकांनी बोटांवर मोजून ३६ काढले. एकीनं १ आणि ८, २ आणि ७ अशा जोड्या लावून "चार नव्वे" म्हटलं आणि मला मनातून नाचावंसं वाटलं. पण त्या सगळ्या पेटवायला रोज एक वेगळी मेणबत्ती लागते, तिला शमाश म्हणतात. हे मी मुद्दाम नंतर सांगितलं. ३६ अधिक ८, ४४. दुकानातल्या पेटीतही ४४च असतात. खरी आग वर्गात चालणार नव्हती, म्हणून कागदाच्या सुरळ्या केल्या. त्या उजवीकडून डावीकडे लावायच्या आणि पेटवताना डावीकडून, सगळ्यात नव्या मेणबत्तीपासून. यावर जो गोंधळ झाला तो लिहीत नाही.

रात्रपाळीची आई:

शिक्षक मंडळींनी वाचावं म्हणून लिहितेय. रात्री साडेनऊला आमच्याकडे बातमी आली, "उद्या चिनी नववर्षाचा ड्रॅगन न्यायचाय." तो ड्रॅगन मी केला, नवऱ्यानं रंगवला आणि मुलगा झोपला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात ठेवलेले सगळे ड्रॅगन आयांनीच केलेले होते, लांबून ओळखू येत होतं. पुढच्या वर्षी नवे सर आले. त्यांनी सगळं वर्गातच करून घेतलं, जुनी खोकी, सुतळी आणि खराब झालेल्या चादरीत. तो ड्रॅगन भयंकर दिसत होता. आत नऊ मुलं, डोकं एका दिशेला आणि शेपूट दारात अडकलेली. सरांनी मग सुतळीला हातभर अंतरावर गाठी मारायला लावल्या आणि ढोलकीच्या ठेक्यावर पावलं मोजायला. खेळाच्या तासाला जे जमत नव्हतं ते इथे जमलं. मुलगा आजही तो ड्रॅगन सांगतो. माझा नाही.

मागचा बाक:

मी शिक्षक नाही. वर्गात आमच्या धर्माची मी एकटीच होते. सणाच्या आठवड्यात बाईंनी प्रेमानंच विचारलं, "तुमच्यात कसं करतात गं? सांग सगळ्यांना." मी सात वर्षांची. आमच्या घरी तो सण करतच नव्हते. पण चाळीस डोळे वळले होते, म्हणून मी एक मोठी मिरवणूक, एक पांढरा घोडा आणि पहाटेची आंघोळ असं काहीतरी रचून सांगितलं. बाईंनी ते तक्त्यावर लिहिलं. तो तक्ता वर्षभर भिंतीवर होता आणि मी वर्षभर त्याच्याकडे पाठ करून बसायची जागा शोधत होते.

आता माझी भाची शिकते तिथे बाई "काही घरांमध्ये असं करतात" म्हणून सुरुवात करतात आणि कुणाला काही सांगायचं असेल तर आदल्या दिवशी कानात विचारतात. फरक एवढासाच, पण घोडा वाचतो.

पिवळा हात:

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांची आठवण काढतात. मांडणी करतात, झेंडूच्या पाकळ्यांची वाट आखतात. झेंडू मूळचा तिकडचाच, हे ऐकून वर्ग थक्क झाला होता. विज्ञानाच्या तासाला पाकळ्या उकळून दोन फडकी बुडवली, एक तुरटीच्या पाण्यात आधी भिजवलेलं, एक तसंच. धुतल्यावर तुरटीवालं पिवळं राहिलं, दुसरं फिकटलं. तासभर हात पिवळे.

पालकांना आधी चिठ्ठी पाठवली होती, कारण वर्गातल्या एका मुलाचे आजोबा नुकतेच गेले होते. त्यानं चष्म्याचं रिकामं डबडं आणलं. मांडणीवर ठेवताना ते दोनदा उघडून बंद केलं, टक्, टक्. नंतर जेवणाच्या सुट्टीत दोघीतिघी येऊन ते टक् करून गेल्या. त्यानं करू दिलं.

हा हॅलोविन का, असं एकानं विचारलं. नाही, शेजारच्या तारखा आहेत, पण प्रकार वेगळा.

सब्ज़े:

आमचा नौरोज. मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या क्षणी इराणी नवं वर्ष सुरू होतं. 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात: सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सब्ज़े म्हणजे उगवलेलं हिरवं धान्य, अशा. भाषेच्या तासाला मुलांनी मराठीतले स शोधले. 'सॉक्स' मी नाकारला, बंड झालं.

गहू बारा दिवस आधी भिजवले. रोज फूटपट्टीनं मोजून आलेख काढला. एक ट्रे मुद्दाम कपाटात ठेवला. आठव्या दिवशी तो खिडकीतल्या ट्रेपेक्षा उंच निघाला, पण पिवळसर आणि लुळा. "तो खिडकी शोधतोय," हे स्पष्टीकरण तिसरीतल्या एकीचं, मी आलेखाखाली तसंच लिहू दिलं.

तेराव्या दिवशी ते हिरवं वाहत्या पाण्यात सोडायची रीत आहे. मुलं ऐकेनात. हात वर करून मतं घेतली, ठेवा २३, सोडा ४. त्यामुळे ट्रे अजून खिडकीत आहे. वास येतो.