अनुभव धागा: घरातलं माणूस गेल्यावर कागदांचं काय झालं?

2019 मध्ये माझा नवरा गेला. वय 44. ठाण्यातला फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी मी. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढवलं आणि मला वाटलं, घर माझं झालं. दोन वर्षांनी विकायला काढलं, तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने विचारलं, "बाकीचे वारस कुठे आहेत?" नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीने सांभाळणारा, मालक नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुषामागे बायको, मुलं आणि त्याची आई सारख्या वाट्याने वारस होतात. म्हणजे मी, मुलगा, मुलगी आणि सासूबाई, प्रत्येकी पाव.

सासूबाई 2020 मध्ये गेल्या होत्या. "तुझंच आहे गं ते," असं त्या कितीदा म्हणाल्या असतील. पण कागद झाला नव्हता. त्यामुळे त्यांचा पाव हिस्सा दीर, दोन नणंदा आणि त्यांच्या गेलेल्या मुलाची म्हणजे माझी मुलं यांच्यात विभागला गेला. नणंदांनी लगेच येऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. दिरांची सही यायला चौदा महिने लागले. त्या महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही, आमचे संबंध आता बरे आहेत. त्यात मुलगी 15 वर्षांची. अज्ञान मुलाचा घरातला हिस्सा आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शेवटी ती 18 ची होईपर्यंत थांबलो.

त्याने एक पान लिहून ठेवलं असतं तर यातलं फारसं काही झालं नसतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असं आम्हा दोघांनाही वाटायचं.

तुमच्या घरात काय झालं ते लिहा. सल्ला नको, घडलेलं सांगा. माणसं ओळखू येतील असे तपशील टाळा.

सांगली जिल्हा, माहेरवाशीण

माहेरी साडेचार एकर, द्राक्षबाग. वडील 2008 मध्ये गेले. तलाठ्याकडे वारसनोंद झाली, सात-बारावर आई, दोघे भाऊ आणि आम्ही तिघी बहिणी, सगळ्यांची नावं लागली. पुढच्या राखीपौर्णिमेला ओवाळून झालं आणि दादाने हक्कसोडीचा कागद पुढे केला. बागेवर कर्ज काढायचं होतं आणि दर वेळी सहा सह्या गोळा करत फिरणं त्याला जमत नव्हतं, हे खरंच होतं. थोरलीने सही केली, मीही केली. धाकटी म्हणाली, "वाचून करते." तिला पुढे दोन वर्षं कुणी माहेरपणाला बोलावलं नाही. तिचा नवरा आजारी होता, घरात ओढाताण होती, आणि आम्ही दोघींनी तिच्या बाजूने तोंड उघडलं नाही. ते मला अजून टोचतं.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005 पासून आहे. 2005 मध्ये वडील हयात असोत की नसोत, तो जन्मापासूनचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्यानंतर दादा स्वतः धाकटीकडे गेला. तिचे 30 गुंठे तहसील कार्यालयात रीतसर वाटप करून तिच्या नावावर झाले. मी माझा वाटा परत मागितला नाही. पण सही करण्याआधी मला कुणी "तुला काय वाटतं?" एवढं विचारायला हवं होतं.

नागपूर, आत्याचा भाचा

आत्या 26 व्या वर्षी विधवा झाली, मूलबाळ नाही. 34 वर्षं नोकरी करून स्वतःचा फ्लॅट घेतला. बिनमुलाची विधवा मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या कमाईची मालमत्तासुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. 2009 चा एक निकाल मी तिला वाचून दाखवला. त्यातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरने घराबाहेर काढलेली, मग शिकून नोकरीला लागलेली. तिची सगळी पुंजी सासरच्यांना मिळाली. आत्या म्हणाली, "उद्याच लिहू."

साध्या कागदावर लिहिलं, स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदार, दोघांनी तिची सही बघून तिच्यासमोर सह्या केल्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी केली. फ्लॅट माझ्या बाबांना. पाटल्या मात्र सासरच्या एका पुतणीला, इतकी वर्षं दर दिवाळीला न चुकता भेटायला येते म्हणून.

फोंडा

आमच्या गोव्यात कायदाच वेगळा, 1867 च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. मुलं असली की आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो, उरलेला अर्धा मुलग्यांचा आणि मुलींचा सारखा. पप्पांना अख्खं घर धाकट्याला द्यायचं होतं, ते जमलं नाही. कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, झाली, भावंडांतच बोली लागली, धाकट्याने घर घेतलं आणि आम्हाला पैसे दिले.

कोल्हापूर

दादा न्यू जर्सीत, मी इथे. बाबांनी मला कुलमुखत्यारपत्र दिलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. देणारा गेला की ते पत्रही संपतं, हे तेराव्यानंतर बँकेत कळलं. खात्यावर आईचं नाव जोडलेलं नव्हतं, नॉमिनीही नाही. चार महिने तिला भाजीसाठीही माझ्याकडे पैसे मागावे लागले. माझी आई कधी कुणाकडे पैसे मागणारी नव्हती.

सातारा, सून

आमचं चांगलं झालं, तेही लिहिते. सासरे निवृत्त शिक्षक. त्यांनी एका वहीत बँका, पॉलिसी, लॉकर, कुणाचं देणं, सगळं लिहिलं. मृत्युपत्रात घर तिन्ही मुलांना, पण आईंना हयातभर तिथे राहण्याचा हक्क. साक्षीदार मुद्दाम वयाने लहान निवडले: फॅमिली डॉक्टर आणि शेजारचा मुलगा. दोनदा बदललं, दर वेळी नवी तारीख आणि "आधीची मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य. दसऱ्याला सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. थोरले दीर मध्येच उठून गॅलरीत गेले, थोड्या वेळाने परत आले.

वाचून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या नावावर आईने दिलेले नऊ तोळे आहेत, पोस्टात पैसे आहेत. माझं कुणी लिहून घेणार आहे की नाही?" सासऱ्यांनी वहीचं कोरं पान उघडलं. पेन मात्र सासूबाईंनी स्वतःच्या हातात घेतलं.