मदत हवी आहे : बाबांची जुनी जीप वाळवंटी रॅलीत न्यायची आहे

राजेहो, सल्ला पाहिजे. दारव्ह्याजवळ आमच्या वावरात बाबांची महिंद्रा एमएम ५४० आहे. प्यूजोच्या घराण्यातलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह. कापसाच्या गाठोड्यांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं तिनं वाहिलंय.

डाकार क्लासिक या रॅलीचे व्हिडिओ पाहिले अन् डोक्यात किडा शिरला. २०२१ पासून सौदीच्या वाळवंटात जुन्या गाड्या उतरतात, पण शर्यत वेगाची नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा. उशीर झाला तर दंड, लवकर पोचलात तरी दंड! सौदी आपल्या खिशाबाहेरचं. राजस्थानात अशाच टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे वेळ-वेग-अंतर) प्रकारात उतरावं म्हणतो.

पण मागच्या वर्षी मी मूळ ६.०० बाय १६ चे टायर काढून मोठे चढवले (आई म्हणाली, ट्रॅक्टर केला का रे तिचा). आता मीटर किलोमीटर कमी दाखवतं. मग सरासरी कशी धरायची? मोजलेल्या अंतरावर चालवून गुणक काढू, की सरळ जुने टायर परत लावू?

दुसरं म्हणजे, मे महिन्यात चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा लालीत जातो. रेडिएटर साफ केला, फॅन बेल्ट नवा टाकला. एक मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅटच (इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप) काढून फेका. ते काही पटलं नाही. रेडिएटरला जाड कोअर (आतली जाळी) टाकू की पंख्याला श्राउड (भोवतीचं आवरण) लावू?

अन् वाळूत टायरची हवा किती उतरवता? आम्हाला काळ्या मातीतला चिखल माहीत, रेती फक्त नाल्यातली.