अलास्कातील हिमनद्या : एकटीने, कयाक आणि बोटीने दहा दिवस. सल्ला हवा आहे

धुकेवाट

नमस्कार. येत्या जूनच्या उत्तरार्धात मी दहा दिवसांसाठी एकटीने अलास्काला जाणार आहे. थेट समुद्राला येऊन भिडणाऱ्या हिमनद्या पाण्यावरून आणि शक्य तितक्या निवांतपणे पाहाव्यात, एवढाच या प्रवासाचा उद्देश आहे. अस्वले पाहण्यासाठीची विमानसफर, मोठ्या क्रूझवरचा आठवडा, डेनालीची रेल्वे हे सारे मी जाणूनबुजून बाजूला ठेवले आहे. सोबत मिळाली नाही म्हणून मी एकटी निघाले आहे असे नाही. कोणाशीही न बोलता बर्फाकडे पाहत तासन्‌तास बसून राहता यावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

अनुभवाविषयी : गेली तीन वर्षे मी तलावात आणि संथ खाडीत कयाक चालवत आहे व दिवसाला पंधरा किलोमीटर वल्हवण्याची मला सवय आहे. खुल्या समुद्रात मात्र दोनदाच गेले आहे. उलटलेल्या कयाकमध्ये परत चढण्याचा सराव केला आहे, पण तो कोमट पाण्यात आणि शिक्षक शेजारी असताना.

सध्याचा आराखडा असा आहे : चार दिवस सीवर्ड, दोन दिवस व्हिटियर, आणि मग विमानाने जुनोमार्गे गस्टेव्हसला जाऊन उरलेले दिवस ग्लेशियर बे. सीवर्डहून वॉटर टॅक्सीने आयालिकच्या उपसागरात उतरावे, भाड्याच्या एकेरी कयाकवर दोन रात्री एकटीने तंबूत राहावे आणि ठरलेल्या दिवशी बोटीने परत यावे, असा विचार आहे. हे माझ्या आवाक्यातले आहे का? आणि कयाक करणारच असेन, तर दिवसभराची बोटीची सफर वेगळी करण्यात काही अर्थ आहे का?

खाडीकाठ

आपला हेतू इतका स्पष्ट आहे की उत्तर देणे सोपे जाते. आधी आराखड्याविषयी : दहा दिवसांत तीन ठिकाणे म्हणजे निम्मा प्रवास सामान बांधण्यात आणि सोडण्यात जाईल. व्हिटियर गाळावे, असे माझे मत आहे. तेथील ब्लॅकस्टोन उपसागर सुंदर आहे यात शंका नाही, पण गावात जाण्याचा एकमेव रस्ता सुमारे चार किलोमीटरच्या एकपदरी बोगद्यातून जातो. त्याच बोगद्यातून रेल्वेही धावते, दोन्ही दिशांची वाहने आळीपाळीने सोडली जातात आणि रात्री तो बंद असतो, त्यामुळे एक वेळ चुकली की सकाळची कयाक सफर हातची गेलीच म्हणून समजावे. अँकरेज ते सीवर्ड हा सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता सरळ आहे, उन्हाळ्यात रेल्वेही असते, आणि दोन्ही मार्ग पाहत राहावेत असे आहेत.

आता आयालिकविषयी. आपण दोन रात्री एकट्याने राहू नये, असे मी स्पष्टपणे सुचवतो. सीवर्डहून तेथे जाताना आयालिकच्या भूशिराला वळसा घालावा लागतो आणि ते भूशीर अलास्काच्या आखाताच्या खुल्या लाटांना तोंड देऊन उभे आहे. नेण्यासाठी बोट येणार असे ठरलेले असले, तरी समुद्र खवळला तर ती त्या दिवशी येत नाही, कधी दुसऱ्या दिवशीही येत नाही. तेथे मोबाइलला रेंज नसते. ज्यांना हे जमते ते दोन दिवसांचे जादा अन्न आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घेऊनच उतरतात, आणि त्यांनी थंड पाण्यात पुन्हा कयाकमध्ये चढण्याचा सराव अनेकदा केलेला असतो.

थंड पाण्याचा मुद्दा मी लांबवतो आहे, कारण आपल्या अनुभवातली खरी उणीव तीच आहे. हिमनदीजवळच्या पाण्यात पडलेल्या माणसासाठी तेथे एक-दहा-एक असा ठोकताळा शिकवला जातो : पहिले एक मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, त्यानंतरची दहाएक मिनिटे हातपाय उपयोगाचे राहतात, आणि शुद्ध हरपण्याची वेळ साधारण एका तासाने येते. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या कितीतरी आधी त्याची बोटे निकामी होतात. मी मार्गदर्शकाच्या नजरेसमोर, ड्रायसूट (अंग कोरडे ठेवणारा जलरोधक पोशाख) घालून, मुद्दाम पाण्यात उतरलो होतो. दस्ताने काढल्यावर तीन-चार मिनिटांतच मला स्प्रे स्कर्टची (कयाकमध्ये पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती बांधायच्या आच्छादनाची) कड कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या जागेच्या, काठावर बसवता येईना. बोटे दिसत होती, पण काय धरले आहे ते कळत नव्हते. शेजारी कोणी नसते तर पुढे काय झाले असते, हे मला त्या क्षणी नीट समजले.

आणखी एक प्रसंग सांगतो. त्याच सफरीत आम्ही हिमनदीपासून बऱ्याच अंतरावर, गोट्यांच्या किनाऱ्यावर जेवायला थांबलो होतो. कयाक पाण्यापासून चार पावलांवर ठेवल्या होत्या. मार्गदर्शिकेने त्या उचलून थेट झुडपांपाशी नेऊन बांधायला लावल्या, तेव्हा हा जाच मला अनाठायी वाटला. थोड्या वेळाने हिमनदीच्या कड्याचा एक मोठा भाग कोसळला. खोल पाण्यात ती लाट नुसत्या फुगवट्यासारखी दिसली, पण किनाऱ्याच्या उथळ भागात येताच उभी राहून फुटली आणि आमच्या कयाक आधी जेथे होत्या तेथपर्यंत पाणी चढून गेले. तेथे एकटे असताना कयाक वाहून गेली, तर परतीचा मार्गच संपतो.

त्यामुळे माझा सल्ला असा की वॉटर टॅक्सीने जाऊन मार्गदर्शकासह दिवसभर कयाक करण्याची सफर घ्यावी. बहुतेक ठिकाणी दुहेरी कयाक देतात आणि एकट्या प्रवाशाची जोडी दुसऱ्या कोणाशी तरी लावतात. आपल्याला शांतता हवी आहे हे नोंदणीच्या वेळीच कळवावे. शक्य झाल्यास मार्गदर्शक आपल्याला स्वतःच्या कयाकमध्ये घेतात.

पाणलोट

बोटीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण तो प्रश्न सहसा चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. बोट म्हणजे कयाकची सोपी आवृत्ती नव्हे. बोटीवरून प्रदेश कळतो आणि कयाकवरून जागा कळते. कीनाय फियॉर्ड्स या सीवर्डजवळच्या राष्ट्रीय उद्यानातील (फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, उभ्या कड्यांची अरुंद खाडी) हिमनद्या हार्डिंग या सुमारे अठराशे चौरस किलोमीटरच्या हिमक्षेत्रातून उतरतात. त्या एकाच पसाऱ्यातून निघालेल्या चाळीसच्या आसपास हिमनद्यांपैकी कोणती समुद्रापर्यंत पोहोचते, कोणती वरच अडकून पडली आहे आणि कोणती सरोवरात संपते, हे कयाकच्या उंचीवरून समजणे अशक्य आहे. सीवर्डहून नॉर्थवेस्टर्न फियॉर्डला जाणारी बोट आठ-नऊ तास घेते. तीच घ्यावी, आणि पहिल्याच दिवशी घ्यावी. समुद्र आपल्याला कितपत लागतो, हेही तेव्हाच कळेल.

अंतराविषयी. समुद्राला मिळणाऱ्या हिमनदीच्या कड्यापासून कयाकने किमान ८०० मीटर दूर राहावे, असे मानले जाते. प्रत्यक्षात हे पाळणे अवघड जाते, कारण शेजारी झाड किंवा घर यांसारखे ओळखीचे माप नसल्याने शंभर मीटर उंचीचा कडाही जवळ आणि बेताचा वाटतो. यावर एक साधी युक्ती आहे. बर्फ सुटताना दिसला की सेकंद मोजावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा आवाज दोन सेकंदांच्या आत कानावर आला तर आपण फार जवळ आहोत. तीनपर्यंत मोजून झाले आणि मग गडगडाट आला, तर अंतर एक किलोमीटरच्या आसपास आहे. बर्फ सुटण्याच्या या गडगडाटाला आग्नेय अलास्कातल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांच्या परंपरेत पांढरी मेघगर्जना म्हणतात, आणि ती एकदा ऐकल्यावर दुसरे नाव सुचत नाही.

तरंगणाऱ्या हिमनगांनाही तितकाच मान द्यावा. त्यांचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. तो खालून वितळत जातो, तोल ढळतो आणि हिमनग कोणतीही पूर्वसूचना न देता कुशीवर वळतो. लहान तुकड्यांमध्ये मात्र निर्धास्तपणे थांबावे. इंजिन नसल्यामुळे कयाकमध्ये जे ऐकू येते, ते बोटीवर कधीच ऐकू येत नाही : बर्फात दाबली गेलेली हवा सुटताना सगळे पाणी तळणीसारखे चरचरत असते. एखादा तुकडा काचेसारखा नितळ, जवळजवळ काळा दिसेल. त्यात हवेचे बुडबुडे नसल्याने तो पाण्यात सहज दिसत नाही आणि कयाकच्या तळाला ठक्‌ असा आवाज झाल्यावरच कळतो. वल्ह्याच्या टोकाने तो हळूच बाजूला सारावा.

जूनमध्ये हार्बर सील बर्फाच्या लाद्यांवर पिलांना दूध पाजत असतात. कयाक आवाज करत नाही, त्यामुळे ती अचानक समोर आली की ते बोटीपेक्षाही अधिक दचकतात आणि पाण्यात उड्या घेतात. त्या गडबडीत माय आणि पिलू यांची ताटातूट होऊ शकते. सील मान वर करून आपल्याकडे पाहू लागले, की तेथूनच मागे फिरावे.

उत्तरवारा

खाडीकाठ यांच्याशी मी आयालिकबाबत सहमत आहे, परंतु एकट्याने राहण्याची इच्छाच सोडून द्यावी असा त्यांच्या उत्तराचा सूर आहे, तो मला मान्य नाही. आपण जे मागत आहात ते मार्गदर्शकासह केलेल्या सात तासांच्या सफरीत मिळणार नाही. रात्री अकराला अजून उजेड आहे, सगळ्या बोटी परत गेल्या आहेत आणि दूरवर बर्फ कडकडतो आहे, ती वेळ वेगळीच असते. मी ग्लेशियर बेमध्ये चार रात्री एकट्याने राहिलो आहे आणि तीच जागा आपल्याला सुचवतो.

कारण असे की तेथे एकट्या माणसासाठी व्यवस्था आहे. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे; त्याच्या मुखाजवळच्या बार्टलेट कोव्ह येथे उद्यानाचे कर्मचारी मुक्कामाचा परवाना देण्यापूर्वी प्रत्येकाला माहितीसत्रास बसवतात, अन्न ठेवण्यासाठी अस्वलाला न उघडणारे डबे वापरायला देतात आणि आपण कोठे, किती दिवस राहणार याची नोंद करून घेतात. रोज सकाळी निघणारी दिवसभराची बोट सुमारे २१० किलोमीटरची फेरी करते आणि वाटेत ठरावीक जागी कयाकसह माणसे उतरवते व उचलते. म्हणजे आपली बोटीची सफर आणि कयाक एकाच तिकिटाच्या आसपास जुळतात.

या उपसागराचा इतिहास माहीत असेल तर वल्हवण्याला वेगळा अर्थ येतो. १७५०च्या सुमारास येथे उपसागर नव्हताच. सगळा बर्फ होता. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील खलाशांनी पाहिला तो मुखाशी नुकताच मागे हटू लागलेला बर्फाचा कडा. १८७९ साली निसर्गअभ्यासक जॉन म्युअर आले तेव्हा कडा कितीतरी आत सरकला होता, आणि आज मार्जरी हिमनदीपर्यंत पोहोचायला मुखापासून शंभर किलोमीटर आत जावे लागते. त्यामुळे खाली दाट स्प्रूसचे रान, पुढे अल्डरची झुडपे, त्यापुढे नुसते शेवाळ आणि अखेरीस उघडा खडक, अशी जमिनीची वये उलट क्रमाने समोरून सरकत जातात.

येथे एक निवड करावी लागेल. पश्चिमेकडील फाट्यात समुद्राला भिडणाऱ्या मोठ्या हिमनद्या आहेत, पण क्रूझ जहाजेही तिकडेच येतात. पूर्वेकडील म्युअरचा फाटा फार शांत असतो आणि त्याच्या वरच्या भागात उन्हाळ्यात इंजिनाच्या बोटींना बंदी असते; मात्र म्युअर हिमनदी स्वतः १९९०च्या दशकातच पाण्यातून मागे सरून जमिनीवर गेली, त्यामुळे तेथे बर्फ कमी. आपला स्वभाव पाहता मी म्युअर सुचवेन.

भरती-ओहोटीतील फरक सात मीटरच्याही वर जातो. तंबू लावताना मागच्या भरतीची शेवाळाची रेघ पाहावी आणि तिच्याही बऱ्याच वर, गवतात जागा शोधावी. अरुंद फियॉर्डच्या टोकाशी, उभ्या कड्यांखाली मुक्काम करू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये जुनोच्या दक्षिणेस ट्रेसी आर्ममध्ये दरड कोसळून जी प्रचंड लाट उठली, तिने दूरवरच्या एका बेटावर तंबू टाकलेल्या कयाकवाल्यांचे सामान ओढून नेले. ती पहाटेची वेळ होती आणि फियॉर्डच्या आत कोणी नव्हते, म्हणून जीवितहानी टळली.

माझी अट एकच आहे. निघण्यापूर्वी थंड पाण्यात, ड्रायसूट घालून, स्वतःहून कयाकमध्ये परत चढण्याचा सराव किमान दहा वेळा करावा. तो जमला नाही तर एकटीने राहावे, पण वल्हवू नये : बोटीने एका जागी उतरावे, तेथेच तंबू टाकून दोन दिवस बसावे आणि त्याच जागेवरून बोटीत चढावे. आपण लिहिलेल्या इच्छेत बसणे आहे, अंतर कापणे नाही.

धुकेवाट

तिघांचेही मनापासून आभार. उत्तरवारा यांचे शेवटचे वाक्य मी अनेकदा वाचले, कारण माझ्या मनातली गोष्ट माझ्यापेक्षा त्यांनी नेमकी मांडली. नवा आराखडा असा : व्हिटियर रद्द. सीवर्डमध्ये पहिल्या दिवशी नॉर्थवेस्टर्न फियॉर्डची बोट, दुसरा दिवस मोकळा, तिसऱ्या दिवशी आयालिकला मार्गदर्शकासह कयाक. त्यानंतर ग्लेशियर बे, जेथे एक दिवस मार्गदर्शकासह बार्टलेट कोव्हच्या आसपास वल्हवून पाहीन आणि मग म्युअरच्या बाजूला दोन रात्री राहीन. थंड पाण्यातला सराव पुढच्या महिन्यापासून सुरू करते. तो दहा वेळा नीट जमला तरच कयाक सोबत नेईन.

एक शंका राहिली : अस्वलाला दूर पळवण्यासाठीचा स्प्रे आणि स्टोव्हचे इंधन येथूनच न्यावे का?

खाडीकाठ

दोन्ही नेऊ नयेत. विमानात हातातल्या सामानातही चालत नाहीत आणि तपासून द्यायच्या बॅगेतही नाहीत. सीवर्डमध्ये घेतलेला स्प्रेसुद्धा जुनोच्या विमानात नेता येणार नाही. म्हणून ते गस्टेव्हसला उतरल्यावरच घ्यावेत, आणि तेथे काय मिळते हे निघण्यापूर्वी फोन करून विचारून ठेवावे, कारण गाव अगदी लहान आहे. सीवर्डचा मोकळा दिवस बोटीच्या लगेच दुसऱ्या दिवशी न ठेवता कयाकच्या दिवसानंतर ठेवावा. हवामानामुळे आयालिकची सफर रद्द झाली, तर ती दुसऱ्या दिवशी करता येईल.

धुकेवाट

बदल केला आहे. आयालिक दुसऱ्या दिवशी, मोकळा दिवस तिसरा.