आर्किटेक्टने डिझाइन केलेलं मॉडर्न घर, कॉन्ट्रॅक्ट कुणाला द्यावं?

नवंघर:
नमस्कार मंडळी. डिझाइन फायनल झालंय, एक्स्पोज्ड काँक्रीटची (प्लास्टर न करता तशीच उघडी ठेवलेली) भिंत, जमिनीपासून छतापर्यंत स्लायडिंग काचा, पुढे कॅन्टिलिव्हर (खाली खांब नसलेली) गच्ची, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाची पट्टी) कुठेच नाही, एकदम साफ. आता घोडं अडलंय कॉन्ट्रॅक्टरवर. तीन कोटेशन आलीत. सगळ्यात स्वस्तवाला बाकीच्यांपेक्षा ३० टक्के खाली आहे, म्हणतो साधं चौकोनी तर घर आहे, अवघड काय त्यात. आर्किटेक्ट ज्याचं नाव घेतायत तो सगळ्यात महाग, त्यामुळे घरच्यांना वाटतंय की यांचं आतून काहीतरी आहे. मधल्याने एका पानावर चौरस फुटाचा रेट लिहून दिलाय, बस. काय बघून ठरवू?

साइटवरचा:
साधं चौकोनी म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम करा. नेहमीच्या घरात भिंतीचा पाय वाकडा असला तरी स्कर्टिंगखाली जातो, इथे झाकायला काहीच नाही म्हणजे प्लास्टर वरपासून खालपर्यंत ओळंब्यात हवं. एक्स्पोज्ड काँक्रीटला तर एकच चान्स असतो. साच्याच्या प्लायचे सांधे कुठे येणार, साचा बांधून धरणाऱ्या टाय रॉडची भोकं कुठल्या ओळीत, मध्ये थांबायचं झालं तर नेमकं कुठे, हे सगळं ओतायच्या आधी ठरतं. सांध्यातून स्लरी (सिमेंटचं पाणी) गळली की हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या, आणि मग कितीही सफाईने पॅच मारा, रंग वेगळा दिसतोच. तिघांनाही सांगा की आधी एक सॅम्पल पॅनल ओतून दाखवा, त्याचे पैसे वेगळे लावा हवं तर. जो कां-कू करेल त्याचं उत्तर मिळालं.

बिलवाली:
रेटची तुलना आत्ता होणारच नाही कारण तिघांनी तीन वेगळ्या घरांचे रेट दिलेत. आर्किटेक्टकडून बीओक्यू, म्हणजे प्रत्येक कामाची मापासकट यादी, काढून घ्या, सगळ्यांना तीच द्या, प्रत्येक आयटमचा रेट भरायला लावा. मग ते ३० टक्के कुठून गायब झाले ते दिसेल, बहुतेक वेळा गच्चीचं वॉटरप्रूफिंग नाहीतर चांगल्या प्लायचं शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) धरलेलंच नसतं आणि नंतर एक्स्ट्रा आयटम म्हणून गुपचूप येतं. चौरस फुटाच्या रेटमध्ये काय धरलंय ते त्याचं त्यालाच ठाऊक.
आर्किटेक्टबद्दल शंका असेल तर सरळ विचारा ना, तुमची फी खर्चाच्या टक्क्यात आहे का ठरलेली? टक्क्यात असेल तर महागवाल्यात त्यांचंही भलं आहे एवढं लक्षात ठेवा. पण ओळखीचा आहे म्हणून लगेच वाईट असंही नाही हं, त्यांचे ड्रॉइंग वाचायची सवय असलेला माणूस मिळणं सोपं नसतं.

नवंघर:
बीओक्यूचं आजच बोलतो. काचांचं काम वेगळ्याला दिलं तर स्वस्त पडेल का?

साइटवरचा:
पडेल, पण मग भांडणं तुम्ही सोडवायची. खालचा ट्रॅक फरशीत बुडवायचा असेल तर त्याची खाच आणि पाणी निघायची वाट आरसीसीवाल्याने आधीच ठेवायला हवी. वरची बीम थोडी वाकणार ते धरून फ्रेमवर गॅप लागतो, नाहीतर स्लायडिंग जाम. काचवाल्याचे ड्रॉइंग आरसीसीच्या आधी हातात हवेत.

गप्पिष्ट:
सगळे तयार घराचे फोटो दाखवतात हो. मी म्हणतो चालू साइटवर जा, तेही स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी. कॅन्टिलिव्हरचं मुख्य स्टील वरच्या बाजूला असतं, खाली चेअर (स्टील उचलून धरणारे टेकू) नीट नसतील तर गडी त्यावरून चालून ते खाली दाबतात, आणि एकदा ओतलं की कुणाला दिसत नाही. तिथे उभं राहून कोण ओरडतंय ते बघा, कारण मालक कितीही गोड बोलो, तुमच्या साइटवर रोज असणार तो सुपरवायझर. त्याचं नावच करारात टाकून घ्या.

बिलवाली:
आणि ॲडव्हान्स कमीत कमी. जेवढं मोजून झालं तेवढ्याचं बिल, प्रत्येक बिलातून ५ टक्के रिटेन्शन म्हणून राखून ठेवा, ते घर ताब्यात घेतल्यावर एक पावसाळा गेला की सोडायचं. फ्लॅट गच्ची आहे ना तुमची?

नवंघर:
हो फ्लॅटच. मधल्याशी बोललो, तो बीओक्यू भरायला तयार आहे पण म्हणतो एक्स्पोज्ड भिंत वगळून.

साइटवरचा:
प्रामाणिक आहे मग, यादीत ठेवा. भिंतीला कुणाला आणणार ते त्यालाच विचारा, आणि जबाबदारी कुणाची ते लेखी घ्या.