ऑक्साइड कॅथोड: इलेक्ट्रॉन कणांतून येतात की पोकळीतून?

व्हॉल्व्हवाला: काल एक मेलेला ईएल ८४, म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह (निर्वात नळी), फोडला. त्याच्या कॅथोडवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या निकेलच्या नळीवरचा, पांढरा थर नखाने खरवडला तर खडूसारखा भुगा झाला. माझं म्हणणं सरळ आहे. बेरियम-स्ट्रॉन्शियम ऑक्साइड हा अर्धवाहक, त्यातलं जादा बेरियम इलेक्ट्रॉन पुरवतं, ते कणाकणांतून वर येतात आणि पृष्ठभागावरून सुटतात. इलेक्ट्रॉन कणांमधल्या पोकळीतून वायूसारखे येतात म्हणता, तो 'इलेक्ट्रॉन वायू' कशाला हवाय मध्ये?

पोकळीपंथी: खडूसारखा म्हणालात ना, तिथेच तर गोम आहे! थर फवारतात कार्बोनेटचा. निर्वातात तापवला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतं ते निम्म्याहून जास्त रिकामं. लालबुंद तापलेला कण शेजारच्या भोकातही इलेक्ट्रॉन सोडणारच, फक्त बाहेरच सोडायचे असा नियम आहे थोडाच? फिलिप्सच्या लूसयेस आणि विंक यांनी १९४९ मध्ये हेच मांडलं. वाहकतेचा लॉग आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढा, रेघ मध्येच मोडते. थंड बाजूला उतार सौम्य, गरम बाजूला तीव्र, साधारण १ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक) इतका. दोन उतार, दोन वाटा: थंड असताना कणांतून, गरम असताना भोकांतून.

व्हॉल्व्हवाला: काहीतरीच! अर्धवाहकात कमी-जास्त खोलीवरचे दोन दाते (इलेक्ट्रॉन पुरवणारे दोष किंवा अणू) असले तरी रेघ मोडते.

पोकळीपंथी: बरं, नुसत्या उतारावरून ठरत नाही, कबूल. चुंबकीय क्षेत्र लावा मग. कणाच्या आत इलेक्ट्रॉन पावलागणिक धडकतो. भोकात मात्र काही मायक्रॉन बिनअडथळा जातो, म्हणून वळतोही सहज. गरम थराचा रोध चुंबकीय क्षेत्रात चांगलाच वाढतो, हे मोजलेलं आहे. तुमच्या दोन दात्यांना हे जमवून दाखवायला सांगा.

सोल्डरकाका: भांडा खुशाल. पण सुरुवातीच्या संगणकांत व्हॉल्व्ह मान टाकायचे ते तिसऱ्याच कारणाने. निकेलमधलं सिलिकॉन बेरियम ऑक्साइडला भिडून मध्ये बेरियम ऑर्थोसिलिकेटचा पापुद्रा धरायचा, त्यातही व्हॉल्व्ह तापलेला आणि प्रवाह बंद असेल तर जास्तच. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकाला हे चांगलंच भोवलं. शेवटी सिलिकॉनविरहित निकेल वापरावं लागलं.

व्हॉल्व्हवाला: काका, तो आजार झाला, आम्ही तब्येतीबद्दल बोलतोय. चुंबकाचं पटलं, पण गरम कॅथोडपुरतंच. ५०० केल्विनला वहन कणांतूनच, तेवढं मी सोडणार नाही.

पोकळीपंथी: ते लूसयेस-विंकही नाकारत नव्हते. पण ५०० केल्विनला तुमचा रेडिओ वाजतो का?