यादीआधी वेळेचा अंदाज

घरून काम करणाऱ्याने सकाळीच दिवसभराच्या कामांची यादी लिहावी, ही सूचना योग्यच आहे; तिला अनुभवातून थोडी जोड द्यावीशी वाटते. मी भाषांतराचे काम घरूनच करते. सुरुवातीला माझ्या यादीतली निम्मी कामे दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवावी लागत, कारण कोणत्या कामाला किती वेळ लागतो याचा मला अंदाजच नव्हता. तो आला पोमोडोरो पद्धतीमुळे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले टायमर लावून ही पद्धत बसवली (इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो): २५ मिनिटे एकच काम, मग ५ मिनिटे विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती.

मी प्रत्येक फेरीला वहीत त्या कामापुढे एक उभी रेघ ओढते. ज्या करारपत्राच्या तीन पानांना चार रेघा पुरतील असे मी धरले होते, त्यांना सात लागल्या, तेव्हा माझ्या याद्या का फसत होत्या ते लख्ख कळले. आता पाच-सहा कामांपलीकडे मी लिहीत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की घरची कामेही त्याच यादीत यावीत. गॅसचा सिलिंडर येणार असेल, मुलीला रिक्षातून उतरवून घ्यायचे असेल, तर तेवढ्या फेऱ्या आधीच वजा कराव्यात. दळण मात्र मी कार्यालयीन वेळेनंतरच टाकते.